सोन्याची लंका, सहा रात्री सात दिवस

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ साधारण ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आणि श्रीलंकेचं ६५ हजार ६१०. म्हणजे महाराष्ट्रात चार लंका बसवल्या तरी पाचवीसाठी बरीचशी जागा उरते. हा हिशेब सहलीच्या रंगीत पत्रकात कुठे छापलेला नसतो, पण मराठी पर्यटकाने तो मनातल्या मनात केलेला असतो. आयुष्यात एकदाही गडचिरोलीला न गेलेला माणूस ‘एवढासा तर देश, सहा रात्रींत आटपेल’ म्हणत पैसे भरतो. मुंबईहून कोलंबो अडीच-तीन तासांवर. घड्याळाचे काटे फिरवायचे नाहीत, कारण तिथली वेळ आणि आपली वेळ एकच. त्यामुळे पहिल्याच सकाळी सहा वाजता गटातले यच्चयावत ज्येष्ठ आंघोळी उरकून हॉटेलच्या काउंटरसमोर चहासाठी उभे असतात आणि रात्रपाळी संपवून निघालेला तिथला मुलगा त्यांच्याकडे बावरून बघत असतो.

सहलींचा मार्ग थोड्याफार फरकाने सारखाच. आधी दांबुल्ला आणि सिगिरिया, सवड असली तर अनुराधपुरा आणि पोलोन्नारुवा, मग कँडी, नुवारा एलिया, एल्ला, खाली उतरून याला, तिथून गॉल आणि परत कोलंबो. या नावांच्या मधल्या फटींत रत्नांचं दुकान, बाटिकचं दुकान, चहाचा कारखाना आणि मातलेजवळची मसाल्याची बाग बसवलेली असते. तिथे जायचंय असं गटात कोणीही म्हटलेलं नसतं, तरी सगळ्यात लांब मुक्काम तिथेच होतो. मसाल्याच्या बागेत पांढरा डगला घातलेला एक गृहस्थ मालवणच्या माणसाला मिरीचा वेल दाखवतो. मालवणच्या माणसाच्या परसात तोच वेल पोफळीवर चढलेला असतो, पण पैसे भरून आलोय म्हटल्यावर तोही ‘अरे वा’ म्हणतो. मग कोणातरी काकांच्या पोटरीवर केस काढायचं मलम लावून प्रात्यक्षिक होतं. काका उरलेली सहल एक पोटरी कुरवाळत काढतात.

या सगळ्या प्रयोगात खरोखर बघण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे दालचिनी. कागदासारख्या पातळ साली एकात एक गुंडाळून केलेली तिथली कांडी हातात घेतली की कळतं, आपण घरी ज्या जाडजूड लाकडी तुकड्यांना दालचिनी म्हणत आलो ते बहुधा कॅशिया नावाच्या तिच्या चुलत बहिणीचं साल होतं. पोर्तुगीज १५०५ मध्ये या किनाऱ्याला लागले आणि पुढे या सालीच्या व्यापारासाठी पाय रोवून बसले. मागून डच आले, त्यांच्या मागून इंग्रज. खरेदीचा थांबा लांबतो तो किती लांबावा? १९४८ पर्यंत.

मराठी पर्यटक लंकेत उतरतो तो रावणाचा पत्ता विचारतच. नुवारा एलियाजवळ सीतेचं देऊळ आहे, शेजारून ओढा वाहतो आणि ओढ्याकाठच्या खडकातले खळगे मारुतीची पावलं म्हणून दाखवतात. एल्लाला रावणाच्या नावाचा धबधबा आहे, गुहा आहे. पुष्पक विमान नेमकं कुठे उतरायचं, अशोकवनातलं अशोकाचं झाड कोणतं, लंका जळाली त्याच्या खुणा कुठे आहेत, हे प्रश्न गटातून बंदुकीच्या गोळ्यांसारखे सुटतात. गाईड बहुतेक वेळा सिंहली बौद्ध असतो. त्याच्या लहानपणी त्याला यातलं फारसं कोणी शिकवलेलं नसतं, पण प्रश्न दर आठवड्याला तेच येतात म्हटल्यावर उत्तरंही तयार होतात.

गाईडने मनात आणलं तर तो दोन गोष्टी सांगून गटाची झोप उडवू शकतो. पहिली, श्रीलंकेने २०१९ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहाचं नाव ‘रावण-१’ होतं. दुसरी, बिभीषण तिथे देव आहे. बेटाच्या रक्षणकर्त्या देवांमध्ये त्याची गणना होते आणि कोलंबोजवळच्या केलानियाच्या विहारात त्याचं ठाणं आहे. आपल्याकडे दोन भाऊ वाटणीवरून भांडले की एकाला हमखास चिकटणारं हे नाव तिथे फुलं-फळं वाहून घेतं. हे ऐकल्यावर गटातल्या एकदोघांचे चेहरे विचारात पडतात. ते बहुधा धाकटे भाऊ असतात.

सिगिरिया मात्र रावणाच्या भरवशावर उभा नाही, कितीही व्हिडिओंत तसं सांगितलं तरी. सपाट जंगलातून उठलेला पावणेदोनशे-दोनशे मीटर उंचीचा हा एकटा कातळ, त्यावर पाचव्या शतकातला राजवाडा, आणि वर जायला सुमारे बाराशे पायऱ्या. गटात एक तरी सह्याद्री पालथा घातलेला गृहस्थ असतो. तो पायथ्याशी उभा राहून ‘आमच्या राजगडापुढे हे काहीच नाही’ असं जाहीर करतो आणि चारशेव्या पायरीवर कठड्याला टेकून फोटो काढायचं निमित्त शोधतो. सिगिरियाचं ऊन हे राजगडाचं ऊन नाही. हवेत इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही, नुसता वाढत जातो.

गडकिल्ल्यांच्या माणसाला सिगिरिया बघून खरा धक्का बसतो तो इतिहासाचा. राजा कश्यपाने बाप धातुसेनाला मारून गादी घेतली. त्याआधी त्याने बापाकडे खजिना मागितला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याला स्वतः बांधलेल्या कलावेव तलावावर नेलं आणि ओंजळीत पाणी घेऊन ‘हाच माझा खजिना’ असं दाखवलं, अशी कथा आहे. तलाव आजही आहे आणि शेतीला पाणी देतो. कश्यपाला ते कळलं नाही. धाकटा भाऊ मोग्गल्लान भारतात पळाला, आणि तो फौज घेऊन परत येईल या भीतीने कश्यपाने हा कातळ धरला. इ.स. ४७७ ते ४९५, अठरा वर्षं. खाली कारंज्यांच्या बागा केल्या, वर तलाव खोदला, कातळाच्या पोटावर अप्सरा रंगवल्या, वाटेवर विटा-चुन्याचा एवढा मोठा सिंह उभारला की त्याच्या तोंडातून आत जावं लागे. आता सिंहाचे फक्त पंजे उरलेत आणि एका पंजासमोर अख्खा गट मावतो.

एवढं केल्यावर भाऊ आला तेव्हा कश्यपाने काय करावं? तो गड सोडून खाली मैदानात लढायला उतरला. पुढ्यात दलदल लागली म्हणून त्याचा हत्ती जरा वळला, मागच्या सैन्याला वाटलं राजा पळतोय, ते पळालं आणि राजाने तिथेच जीव दिला. दांडपट्टा आणि गनिमी काव्यावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला ही गोष्ट सहनच होत नाही. ‘वर बसून राहायचं ना! सहा महिने दाणागोटा पुरला असता!’ असा आरडाओरडा सुरू होतो. कश्यपाला दीड हजार वर्षांनी मिळालेला हा युद्धशास्त्राचा सल्ला गाईड शांतपणे ऐकून घेतो. आरडाओरडा मात्र थांबवायला लावतो, कारण सिंहाच्या पंजांवरच्या कपारीत मधमाश्यांची मोहोळं असतात. शांतता राखा अशा पाट्या आहेत. माश्या उठल्याच तर पर्यटकांनी आत शिरून बसावं म्हणून जाळीचे मोठे पिंजरेही केलेत. प्राणी मोकळे आणि माणसं पिंजऱ्यात, अशी सोय असलेलं हे राष्ट्रीय स्मारक युनेस्कोच्या यादीत १९८२ पासून आहे.

अप्सरांची चित्रं आता विसेक उरली आहेत. त्यांचे फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे लोक ती चित्रं नाइलाजाने डोळ्यांनी बघतात. चित्रांखालून जाणारी ‘आरसेभिंत’ मात्र हावरटासारखी बघावी. एके काळी घोटून घोटून इतकी गुळगुळीत केलेली की तिच्यात प्रतिबिंब दिसे. राजा गेला, राजवाडा ओस पडला आणि मग पर्यटक यायला लागले. आठव्या ते दहाव्या शतकात तर बरेच. त्यांनी काय केलं? भिंतीवर लिहिलं. भिक्षूंनी लिहिलं, शिपायांनी लिहिलं, बायकांनी लिहिलं. सेनरत परणवितान या पुरातत्त्वज्ञाने त्यातले ६८५ लेख वाचून १९५६ मध्ये छापले. बहुतेक पद्यात आहेत. कोणी अप्सरांच्या प्रेमात पडलाय, कोणी त्या बोलत नाहीत म्हणून रुसलाय, एखादी बाई आपल्या नवऱ्याने त्यांच्याकडे बघू नये म्हणून चिडलीय, आणि कित्येकांनी नुसतं आपण अमक्या गावचे तमुक, इथे येऊन बघून गेलो, एवढंच खरडलंय. भाषेच्या अभ्यासकांना जुन्या सिंहलीचा एवढा मोठा खजिना दुसरीकडे नाही. म्हणजे नाव कोरणाऱ्याला शिव्या घालायच्याच असतील तर हजार वर्षं थांबून घालाव्यात. आता तिथे लिहिलं तर मात्र पोलिसात जावं लागतं.

ही भिंत बघितल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते. लंकेतले राजे बदलले, धर्म आले, मळे आले, पर्यटक मात्र जसाच्या तसा राहिला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्षू फाहियान अनुराधपुरात दोन वर्षं राहिला. घर सोडून बरीच वर्षं झाली होती. एक दिवस तिथल्या मूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्याला दिसला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आता नुवारा एलियाच्या हॉटेलात चौथ्या दिवशी टूर मॅनेजरने पोतडीतून भाकरवडीचं पाकीट काढलं की गटात जे होतं ते याहून वेगळं नसतं. फाहियानाच्या वेळी चार दिवसांत रडू येत नसे, एवढाच फरक.

रडण्याला कारणही आहे. लंकेचं जेवण अप्रतिम आहे, पण ‘शुद्ध शाकाहारी’ या शब्दावर ते थोडं अडखळतं. नारळाचा ताजा कीस, लाल मिरची आणि लिंबू घालून केलेलं पोल सांबोल ताटात पडलं की कोकणातल्या माणसाला मावशी भेटल्यासारखं होतं. दुसऱ्या घासाला त्यात काहीतरी वेगळं लागतं. ते असतं उंबलकड, म्हणजे मालदीवकडचा वाळवलेला मासा, कुटून घातलेला. तिथे तो मीठ-हळदीच्या रांगेतला पदार्थ मानतात, त्यामुळे ‘यात मासा आहे का?’ या प्रश्नाला आचारी अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. एकादशीवाल्या काकू त्यावरून दोन दिवस फक्त केळी खातात. त्यांनी म्हशीचं घट्ट दही आणि त्यावर माडाच्या जातीच्या कितुल झाडाचा काकवीसारखा पाक, एवढं जरी खाल्लं तरी त्यांचा उपवास सुफळ होईल. मातीच्या मडक्यात लावलेलं ते दही रस्त्याकडेला मिळतं. बाकीच्यांनी आप्पे-घावनाच्या घराण्यातलं ‘हॉपर’ खावं, संध्याकाळी तव्यावर दोन पात्यांनी ठोकत केलेला कोत्तू रोटी खावा आणि बुफेतल्या पनीरला हात लावू नये.

खरेदीत फसण्याची परंपराही जुनी आणि मानाची आहे. रशियन लेखक आंतोन चेखव १८९० मध्ये साखालीन बेटावरून परतताना लंकेत उतरला. बेट इतकं आवडलं की त्याने चक्क स्वर्ग म्हटलं, आणि स्वर्गाची आठवण म्हणून मुंगसं विकत घेतली. त्यातलं एक मुंगूस घरी पोचल्यावर उदमांजर निघालं. उरलेल्या मुंगसाने घरातल्या कुंड्या उकरल्या, पाहुण्यांचे खिसे तपासले, आणि दोन वर्षांत ते मॉस्कोच्या प्राणिसंग्रहालयात जमा झालं. जगातला सर्वांत चाणाक्ष निरीक्षक म्हणून ज्याची ख्याती, त्याला मुंगूस आणि उदमांजर यांतला फरक दुकानात कळला नाही. तेव्हा रत्नांच्या दुकानातून निळी काच घेऊन आलेल्या काकांना घरच्यांनी फार बोलू नये.

अनुराधपुरात पर्यटकाची परीक्षा डोक्याची नसून तळपायांची असते. विहाराच्या आवारात चपला काढाव्या लागतात, टोपीही काढावी लागते, आणि सहलीचं वेळापत्रक हमखास भर दुपारी तिथे पोचवतं. रुवनवेलीच्या पांढऱ्या स्तूपाभोवतीची फरशी तोवर तव्यासारखी तापलेली असते. पांढऱ्या कपड्यातले स्थानिक भाविक तिच्यावरून संथ चालतात. मराठी गट टाचांवर, मग चवड्यांवर, मग शेजाऱ्याच्या सावलीत उड्या मारत प्रदक्षिणा पूर्ण करतो. पायात मोजे चालतात ही माहिती टूर मॅनेजर बसमध्ये परतल्यावर देतो.

जवळच जेतवनाराम आहे. मुळात हा स्तूप १२२ मीटर उंच होता. त्या काळी जगात त्याहून उंच फक्त गिझाचे दोन पिरॅमिड. नऊ कोटींहून अधिक विटा लागल्या असा अंदाज आहे. एकोणिसाव्या शतकात एमर्सन टेनंट या इंग्रज अधिकाऱ्याने तो बघितला आणि हिशेब मांडला की एवढ्या विटांत लंडनपासून एडिंबरापर्यंत दहा फूट उंचीची भिंत होईल. ती भिंत कोणाला आणि कशासाठी हवी होती, ते त्याने सांगितलेलं नाही. आपल्याकडचे निवृत्त बांधकाम अभियंते त्याच जागी उभे राहून किती टू-बीएचके होतील ते काढतात. बोधिवृक्षापाशी तर वेगळीच अडचण. संघमित्रेने गयेहून आणलेल्या फांदीचं, इ.स.पू. तिसऱ्या शतकात लावलेलं हे झाड म्हणजे माणसाने लावलेल्या आणि लावल्याची नोंद असलेल्या झाडांत जगातलं सर्वांत जुनं. ते मोठं डेरेदार असेल अशा समजुतीने लोक भोवतालच्या भरदार पिंपळांनाच नमस्कार करतात. खरं झाड वर कठड्याआड, सोनेरी टेकूंवर रेललेलं, बरंच बारीक. तेवीसशे वर्षांनंतर सगळेच थोडे वाळतात.

पोलोन्नारुवात बाराव्या शतकातला राजा पराक्रमबाहू भेटतो. आकाशातून पडलेला एकही थेंब माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाऊ नये, असा त्याचा आग्रह होता म्हणतात. त्याने केलेला तलाव इतका मोठा की नावच पराक्रम समुद्र. आपल्याकडच्या एखाद्या पाटबंधारे मंत्र्याने शपथविधीआधी इथे एक चक्कर मारायला हरकत नाही. गल विहारात एकाच अखंड कातळात कोरलेला निजलेला बुद्ध चौदाएक मीटर लांब आहे आणि त्याच्या उशीवर डोक्याच्या भाराने पडलेला खळगासुद्धा दगडात दाखवलाय. त्याच्याकडे पाठ करून फोटो काढणं हा तिथे अपमान समजतात. गटाला हे तीनदा सांगितलेलं असतं. चौथ्यांदा तिथला पहारेकरी सांगतो.

पण पोलोन्नारुवाचे खरे रहिवासी म्हणजे डोक्यावर केसांचा भोवरा असलेली लालसर माकडं. वुल्फगँग डिट्टस या संशोधकाने १९६८ पासून त्यांचा अभ्यास चालवला आहे. कोणाची आई कोण, कोणाची मावशी वरच्या दर्जाची, कोणत्या घराण्याला उंबराच्या झाडावर पहिला हक्क, सगळं नोंदलेलं आहे. त्यांच्यावर डिस्नेने २०१५ मध्ये चित्रपटही काढला. गटातल्या बहुतेकांना आपल्या पणजोबांचं नाव आठवायला वेळ लागतो. अशा परिस्थितीत काकूंच्या हातातलं बिस्किटाचं पाकीट एका कुलीन माकडीणबाईंनी हिसकावलं तर त्याची नोंद कुठेतरी झाली असेल, एवढं समाधान मानावं.

कँडीत बुद्धाचा दात आहे. चौथ्या शतकात कलिंगाची राजकन्या हेमामाली तो आपल्या अंबाड्यात लपवून घेऊन आली. तो दिसत नाही. करंडकांत करंडक, त्यांच्या आत तो. दिसतं ते दार उघडल्यावर बाहेरच्या करंडकाचं झळझळीत टोक, तेही मागून ढकललं जायच्या आत. पंढरपूरच्या रांगेत वाढलेल्यांना याचं काही वाटत नाही. दात प्रत्यक्ष दर्शनाला काढतात तो क्वचित, २००९ नंतर थेट २०२५ मध्ये. एसला पेरहेराच्या मिरवणुकीत करंडक वाहणारा राजा नावाचा हत्ती १९८८ मध्ये गेला, आणि आता पेंढा भरून आवारातल्या संग्रहालयात उभा आहे. लंकेतल्या शंभर नर हत्तींत जेमतेम सातेकांनाच सुळे असतात, त्यामुळे मिरवणुकीसाठी योग्य हत्ती मिळणं ही तिथली कायमची चिंता.

कँडीहून एल्लाला जाणारी रेल्वे जगातल्या सुंदर प्रवासांत मोजतात. गाडी चहाच्या मळ्यांतून वळणं घेत जाते. दरवाजे उघडे. जगभरातून आलेले तरुण-तरुणी दांडीला धरून, अंग बाहेर झोकून फोटो काढून घेतात. डोंबिवलीहून चर्चगेटला पस्तीस वर्षं याच आसनात गेलेले, आणि मध्ये दादरला गाडी बदलताना चेंगरलेले काका, आता डॉलरच्या भावात तिकीट काढून त्याच दांडीला लटकतात आणि बायकोला ‘काढ काढ’ म्हणून ओरडतात. काकूंना या दृश्याची इतकी वर्षं धास्ती होती की फोटो हमखास हलतो. पुढे १९२१ मधला नऊ कमानींचा दगडी पूल येतो. तिथे पुलाखालच्या उतारावर तासभर लोक गाडीची वाट बघत बसतात. गाडी उशिरा आली तरी कोणी स्टेशनमास्तरला घेराव घालत नाही.

चहाची कथा मात्र कारखान्यात नीट ऐकावी. आधी तिथे कॉफी होती. १८६९ पासून पानांवर तांबेऱ्याची बुरशी आली आणि दोन दशकांत मळे बसले. त्याआधीच, १८६७ मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलकंदुराच्या मळ्यात १९ एकरांवर चहा लावून ठेवला होता. एका बुरशीमुळे सगळं जग ‘सिलोन टी’ प्यायला लागलं. चव घेण्याच्या दालनात पारदर्शक, सोनेरी, बिनदुधाचा चहा चिनी मातीच्या छोट्या वाट्यांतून येतो. त्याच्यावर एक मराठी आवाज अदबीने विचारतो, ‘जरा आलं घालून उकळता येईल का?’

यालाचं जंगल हा सहलीचा कळस, आणि मनस्तापाचाही. लंकेत वाघ नाही, सिंह झेंड्यावर आहे पण जंगलात नाही, त्यामुळे बिबट्याच तिथला सर्वांत मोठा शिकारी. तो त्या ऐटीत दिवसाढवळ्या हिंडतो. यालाचा पहिला भाग जेमतेम १४० चौरस किलोमीटर, आणि बिबट्यांची दाटी जगात जिथे सर्वाधिक आहे अशा जागांपैकी एक. साहजिकच जीपचीही. पहाटे साडेपाचला फाटकाशी जीपची रांग लागते. आत शिरल्यावर मोर नाचत असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. तळ्यावर मगर पडलेली असते, चित्रबलाक उभे असतात, अस्वल दिसलं तर भाग्यच. गटाचा एकच प्रश्न: बिबट्या कुठाय? मग चालकाचा फोन वाजतो. जीप अशी काही सुसाटते की मागे बसलेल्यांच्या कण्याचे मणके नव्याने मोजावेत. दहा मिनिटांनी तीस-चाळीस जीप एका झाडाखाली एकमेकींना चिकटून उभ्या, धूळ, डिझेल, पुढची हलत नाही म्हणून मागचीचा हॉर्न. सिंहगड रस्त्यावरून इतक्या लांब आलेल्या माणसाला क्षणभर घरी आल्यासारखं वाटतं. झाडाच्या फांदीवर, पानांच्या मागे, एक शेपूट लोंबत असते. ती शेपूट सगळ्यांनी बघितलेली असते. बिबट्या बघितल्याचं सगळ्यांनी घरी कळवलेलं असतं.

गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी बांधून काढला. तटावर चढलं की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला क्रिकेटचं मैदान, कसोटी सामना फुकटात. इथेच जुलै २०१० मध्ये मुरलीधरनने आपल्या कसोटी कारकिर्दीच्या शेवटच्या चेंडूवर आठशेवा बळी घेतला, तो भारताचा प्रज्ञान ओझा. गाईड ही जागा भारतीयांना आवर्जून दाखवतो. आणि कोलंबोत प्रेमदासा मैदानावरून बस गेली की १९९७ ची आठवणही. लंका ६ बाद ९५२, जयसूर्या ३४०. गट गप्प होतो. त्यातल्या त्यात जुना कोणीतरी सांगतो की त्याच डावात आपल्या डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीने कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर अटापट्टूची विकेट घेतली होती, असं करणारा तो पहिला भारतीय. टाळ्या पडतात. पुढे काय झालं हे तो सांगत नाही. पुढे जयसूर्या आणि महानामा यांनी ५७६ धावांची भागी केली आणि कुलकर्णींच्या खात्यावर अखेर १९५ धावांत तो एकच बळी राहिला.

गॉलच्या पुढे कोग्गलाजवळ समुद्रात खांब रोवून त्यांवर बसलेले कोळी दिसतात. फोटो फार छान येतो. आता त्यांतल्या बऱ्याच जणांचं उत्पन्न माशांवर नसून फोटोवर आहे. गळाला मासा लागला तर त्यांची एकाग्रता भंग पावते.

एका गोष्टीची पूर्वसूचना पुरुषवर्गाला कोणी देत नाही. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, तिला पोया म्हणतात, आणि त्या दिवशी दारूची विक्री बंद. ज्येष्ठातल्या पोसोन पोयाला मिहिंतलेच्या डोंगरावर लाखो लोक जमतात, कारण तिथे राजा देवानंपिय तिस्स हरणाच्या शिकारीला गेला असताना त्याला अशोकाचा मुलगा महिंद भेटला. महिंदाने धर्म सांगण्याआधी राजाची तोंडी परीक्षा घेतली. हे झाड कोणतं? आंब्याचं. याशिवाय दुसरे आंबे आहेत? पुष्कळ. आंब्यांशिवाय दुसरी झाडं? पुष्कळ. आणि ते आंबे आणि ती झाडं सोडून आणखी एखादं झाड? राजा म्हणाला, हे समोरचं. पास. शिकार राहिली बाजूला आणि देश बौद्ध झाला. सफारीला निघालेल्या माणसाच्या बेतात एवढा मोठा बदल लंकेत पुन्हा झालेला नाही, पौर्णिमेच्या संध्याकाळी कोलंबोच्या हॉटेलात उतरलेल्या मराठी मित्रमंडळाचा सोडला तर.

तेव्हा जाणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा बघावी. आणि गणपती आटोपून सप्टेंबरात निघणार असाल तर यालाचा हट्ट सोडावा, कारण पाण्याच्या टंचाईमुळे त्या सुमाराला तिथला मुख्य भाग बहुधा बंद ठेवतात. त्याच दिवसांत सिगिरियापासून जवळ, मिन्नेरियाला जावं. महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेला तलाव तिथल्या या कोरड्या ऋतूत आटतो, काठावर कोवळं गवत येतं आणि आसपासच्या जंगलांतून हत्ती चरायला उतरतात. चांगल्या वर्षी एका संध्याकाळी दोनशेही दिसतात. एखाद्या वर्षी पाणी जास्त राहिलं तर गवत बुडतं आणि हत्ती शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलूकडे सरकतात, म्हणून सकाळी जीपवाल्याला विचारून मगच पैसे द्यावेत.